भाड्याने दिलेल्या घराचे नूतनीकरण : विम्याच्या बाबतीत काय पाहावे?

पाऊलवाट

माझे एक दुमजली घर दोन कुटुंबांना भाड्याने दिलेले आहे. वरच्या मजल्यावरील भाडेकरू करार संपल्यामुळे जागा सोडत आहेत, आणि ती रिकामी असतानाच मोठी कामे उरकून घ्यावीत असा विचार आहे. जुने वायरिंग काढून संपूर्ण नवे करणे, न्हाणीघरातील पाइप व फरशी बदलणे, स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधील भिंत पाडणे आणि गच्चीला वॉटरप्रूफिंग करून घेणे, एवढी ही कामे आहेत. ठेकेदाराच्या अंदाजाप्रमाणे तीन महिने लागतील. खालच्या मजल्यावरील भाडेकरू या काळात तेथेच राहणार आहेत.

इमारतीचा विमा मी घरमालक या नात्याने काढलेला असून त्यात आग, पाण्याची गळती, चोरी, तृतीय पक्षाचे दायित्व आणि बुडालेले भाडे यांचा समावेश आहे. ठेकेदाराला विचारले असता, ‘माझा विमा आहे, तुम्ही काळजी करू नका’ एवढेच उत्तर मिळाले. माझ्या शंका अशा आहेत : काम सुरू करण्यापूर्वी विमा कंपनीला कळवणे आवश्यक आहे काय? ठेकेदाराचा विमा पुरेसा मानावा काय? आणि तीन महिने वरच्या मजल्याचे भाडे मिळणार नाही, त्याची भरपाई ‘बुडालेले भाडे’ या सदराखाली मागता येईल काय?

साक्षेपी

मी बरीच वर्षे विम्याच्या दाव्यांच्या विभागात काम केले आहे. तिसऱ्या शंकेचे उत्तर सर्वांत सोपे असल्यामुळे ते आधी देतो : नाही. बुडालेल्या भाड्याची भरपाई तेव्हाच मिळते, जेव्हा विम्यात समाविष्ट असलेल्या एखाद्या आपत्तीमुळे घराचे नुकसान होते आणि त्या नुकसानीमुळे ते राहण्याजोगे उरत नाही. आपण स्वतः ठरवून जागा रिकामी ठेवली तर तो आपला व्यावसायिक निर्णय असतो आणि त्याचा विमा नसतो. मात्र याच सदरात एक बारकावा दडलेला आहे, तो पुढे सांगतो.

कंपनीला कळवणे आवश्यक आहे, आणि तेही काम सुरू होण्यापूर्वी, लेखी. त्याचे कारण समजून घ्यावे. आपण विमा घेतला तेव्हा कंपनीने जी जोखीम तपासून हप्ता ठरवला, ती ‘दोन्ही मजल्यांवर भाडेकरू राहत असलेले, पूर्ण बांधून झालेले घर’ अशी होती. तीन महिन्यांसाठी तेथे उघड्या तारा, तोडलेले पाइप, अर्धवट पाडलेली भिंत आणि दिवसभर येणारीजाणारी अनोळखी माणसे असणार आहेत. जोखमीत असा ठळक बदल झाला की तो कळवण्याची जबाबदारी विमाधारकाची, अशी अट बहुतेक पॉलिसींमध्ये लिहिलेलीच असते. विम्याचा करार परस्परांवरील पूर्ण विश्वासाचा असतो, हे तत्त्व इंग्लंडमधील न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी 1766 साली कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात मांडले; जोखमीविषयीची माहिती विमाधारकाजवळ असते आणि कंपनी त्याच्या सांगण्यावर विसंबते, हे त्यामागचे साधे कारण होते. पुढे निरनिराळ्या देशांनी हा नियम कमीअधिक सौम्य केला, परंतु पॉलिसीतील ‘बदल कळवा’ हे कलम टिकून राहिले.

दुसरी गोष्ट रिकाम्या जागेची. घर किंवा त्याचा भाग सलग ठरावीक दिवस, बहुधा 30 किंवा 60, निर्मनुष्य राहिला की पाण्याची गळती, चोरी आणि हेतुपुरस्सर केलेली नासधूस यांचे संरक्षण आपोआप थांबते, असे कलम अनेक पॉलिसींत असते. काही पॉलिसींमध्ये नूतनीकरण चालू असलेली इमारत रिकामी मानली जात नाही, काहींमध्ये मानली जाते. म्हणून आपल्या पॉलिसीतील ‘रिकामे’ या शब्दाची व्याख्या अक्षरशः वाचून पाहावी. आपल्या घराचा खालचा मजला वापरात आहे ही जमेची बाजू आहे, परंतु व्याख्या संपूर्ण इमारतीची आहे की प्रत्येक स्वतंत्र घराची, यावर सर्व अवलंबून राहील.

आता तो बारकावा. समजा, दुसऱ्या महिन्यात वरच्या मजल्यावर आग लागली आणि घर पुढे वर्षभर राहण्याजोगे राहिले नाही. कंपनी विचारेल, ‘आगीच्या दिवशी तेथे भाडेकरूच नव्हता, मग बुडाले कोणते भाडे?’ हा प्रश्न खोडसाळ नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच ‘काम संपल्यानंतर अपेक्षित असलेले भाडे’ पॉलिसीत धरले जाईल अशी पुरवणी, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेला लेखी बदल, मागून घ्यावी. आगाऊ केलेला भाडेकरार किंवा आधीच्या भाड्याच्या पावत्या असल्या तर ते मान्य होणे सोपे जाते. खालच्या भाडेकरूंनाही त्या आगीमुळे जागा सोडावी लागली तर त्यांचे भाडे मात्र नेहमीच्या कलमाखाली येते, अर्थात काम कळवलेले असेल तर.

ओळंबा

मी नुकसानीचे सर्वेक्षण करतो. ठेकेदाराच्या ‘माझा विमा आहे’ या वाक्याविषयी लिहितो, कारण माझ्या पाहण्यात घरमालकांची सर्वांत मोठी फसगत येथेच होते.

ठेकेदाराकडे सहसा असतो तो तृतीय पक्ष दायित्वाचा विमा. त्याच्या किंवा त्याच्या माणसांच्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले किंवा कोणाला इजा झाली, तर त्याच्यावर येणारी कायदेशीर जबाबदारी तो विमा उचलतो. म्हणजेच आधी निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो. वादळाने अर्धवट काम उद्ध्वस्त झाले, रात्री कोणी नवे पाइप व तारा चोरून नेल्या, किंवा आगीचे कारण शेवटपर्यंत स्पष्ट झाले नाही, तर ठेकेदाराचा दायित्व विमा तेथे उपयोगी पडत नाही, कारण कोणाची चूकच ठरलेली नसते. शिवाय ज्या भागावर प्रत्यक्ष काम चालू आहे तो भाग आणि स्वतःचे सदोष काम पुन्हा करून देण्याचा खर्च, हे दोन्ही या विम्यातून जवळजवळ नेहमी वगळलेले असतात.

चालू काम आणि जागेवर आणलेले साहित्य यांच्यासाठी वेगळी पॉलिसी असते. कोठे तिला ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ म्हणतात, कोठे ‘बिल्डर्स रिस्क’. ती ठेकेदार काढू शकतो, मालक काढू शकतो, किंवा दोघांच्या संयुक्त नावाने काढता येते. माझे मत विचाराल तर संयुक्त नावाचा आग्रह धरावा, कारण मग नुकसान कोणामुळे झाले या वादात पैसे अडकून पडत नाहीत. परंतु येथे एक गोष्ट नीट पाहावी लागते : ही पॉलिसी मुळात नव्या कामासाठी असते, आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीसाठी नसते. जुनी इमारत तीत यावी यासाठी वेगळे वाढीव कलम लागते. अशी स्थिती मी अनेकदा पाहिली आहे की इमारतीच्या पॉलिसीने ‘काम चालू असताना झाले’ म्हणून हात वर केले, कामाच्या पॉलिसीने ‘ही जुनी भिंत आहे, नवे काम नव्हे’ म्हणून हात वर केले, आणि मालक दोन्हीकडे हप्ता भरूनही मध्येच उभा राहिला. म्हणून दोन्ही कंपन्यांना दुसऱ्या पॉलिसीची प्रत द्यावी आणि ‘जुनी इमारत कोणाकडे’ या एकाच प्रश्नाचे लेखी उत्तर घ्यावे. दोन्ही संरक्षणे एकाच कंपनीकडून मिळत असतील तर आणखी उत्तम.

ठेकेदाराच्या पॉलिसीचे प्रमाणपत्र घेतले तरी केवळ मुदत पाहून समाधान मानू नये. त्यावर व्यवसायाचे जे वर्णन असते ते वाचावे. ‘रंगकाम व अंतर्गत सजावट’ एवढेच लिहिलेल्या ठेकेदाराने भार वाहणारी भिंत पाडली, तर ते काम त्याच्या विम्याच्या कक्षेबाहेरचे ठरू शकते. उंचीवर काम करण्याची मर्यादा, उष्णतेची साधने वापरण्यास मनाई, उपठेकेदारांच्या कामाला वगळणे, अशा अटी प्रमाणपत्रावर दिसतच नाहीत. त्यासाठी मूळ पॉलिसीची प्रत मागावी लागते. ती देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याविषयी आपण काय समजायचे ते समजावे.

आपण गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा उल्लेख केला आहे. ते गॅसच्या ज्योतीने चिकटवण्याच्या डांबरी थराचे असेल, किंवा पाइपांच्या कामात झाळकाम वा वेल्डिंग असेल, तर कंपनीच्या अटी फार काटेकोर असतात. आसपासचे ज्वालाग्राही सामान हलवणे, अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवणे आणि काम थांबल्यानंतरही 30 किंवा 60 मिनिटे त्या जागेवर लक्ष ठेवणे, अशा त्या अटी असतात. शेवटची अट सर्वांत जास्त मोडली जाते, आणि धुमसणारी आग नेमकी माणसे निघून गेल्यावर पेट घेते. अशा दाव्यात मी पहिला प्रश्न हाच विचारतो की, त्या दिवशी ज्योत किती वाजता बंद झाली आणि शेवटचा माणूस किती वाजता गेला.

उंबरठा

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु त्यांमुळे सामान्य घरमालक उगाच धास्तावेल असे मला वाटते. मी स्वतः घरे भाड्याने देतो. दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात रंग देणे, नळ बदलणे, कपाटे नवी करणे, एखाद्या खोलीची फरशी बदलणे ही कामे सतत चालू असतात. प्रत्येक वेळी कंपनीला पत्र पाठवत बसलो तर कंपनीही कंटाळेल आणि हप्ता मात्र वाढत जाईल. कामाच्या खर्चाच्या ठरावीक मर्यादेपर्यंत किरकोळ दुरुस्ती व बदल आपोआप समाविष्ट असतात असे कलम माझ्या पॉलिसीत आहे, आणि मी त्या मर्यादेत राहतो.

दुसरे असे की ठेकेदाराकडून सर्व जबाबदारी लिहून घेतली की झाले. कराराच्या कागदावर ‘कामाच्या काळात होणाऱ्या कोणत्याही नुकसानीस ठेकेदार जबाबदार राहील’ असे एक वाक्य मी नेहमी घालतो.

साक्षेपी

किरकोळ कामांबाबत उंबरठा यांचे म्हणणे योग्य आहे, आणि रंगकामासाठी पत्र पाठवा असे मीही म्हणणार नाही. परंतु पाऊलवाट यांच्या यादीत भिंत पाडणे, संपूर्ण वायरिंग आणि गच्ची या तीन गोष्टी आहेत. यांपैकी कोणतीही एक किरकोळ मानली जाणार नाही, मग खर्च मर्यादेच्या आत बसो वा न बसो. त्या कलमात सहसा ‘संरचनेत बदल न करता’ असे शब्दही असतात, ते एकदा तपासून पाहावेत.

करारातील त्या वाक्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. जबाबदारी लिहून घेतल्याने ती निभावण्याइतका पैसा ठेकेदाराकडे येत नाही. त्याच्या विम्याने नाकारलेले आणि त्याच्या खिशाला न पेलणारे नुकसान शेवटी घराच्या मालकाकडेच राहते. याच्या उलट टोकाचा धोकाही आहे. काही ठेकेदारांच्या छापील करारात ‘मालक ठेकेदाराविरुद्ध नुकसानभरपाई मागणार नाही’ असे वाक्य असते आणि मालक न वाचता सही करतो. विमा कंपनी आपल्याला भरपाई दिल्यानंतर दोषी व्यक्तीकडून ती वसूल करण्याचा हक्क आपल्या वतीने वापरते. तो हक्क आपण परस्पर सोडून दिला असेल तर कंपनी दावा नाकारू शकते किंवा तेवढी रक्कम कापू शकते. म्हणून करारावर सही करण्याआधी तो कंपनीला दाखवावा.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. आणखी काही गोष्टी विचारतो. फरशी, नळ आणि विजेचे सामान मी स्वतः खरेदी करून देणार आहे, म्हणजे ठेकेदाराचे फक्त मजुरीचे काम आहे. तसेच वायरिंगचे काम त्याने दुसऱ्या माणसाकडे सोपवले आहे. आणि खालच्या भाडेकरूंच्या सामानाचे किंवा त्यांच्यापैकी कोणाला इजा झाल्यास काय?

ओळंबा

आपण विकत घेतलेले साहित्य आपल्या मालकीचे असते, त्यामुळे ठेकेदाराच्या कामाच्या पॉलिसीत ते बसेलच असे नाही. इमारतीच्या पॉलिसीतही ते जागेवर पक्के बसवले जाईपर्यंत इमारतीचा भाग होत नाही. खोक्यात पडून असलेले नळ आणि तारांची वेटोळी यांची चोरी हा नूतनीकरणातील अगदी नेहमीचा प्रकार आहे. कामाची पॉलिसी संयुक्त नावाने घेताना ‘मालकाने पुरवलेले साहित्य’ असे स्पष्ट नमूद करून त्याची किंमत कामाच्या एकूण किमतीत धरावी. अन्यथा साहित्य लागेल तसे आणावे आणि रात्री ते कुलपात ठेवावे. सक्तीने घुसखोरी झाल्याची खूण असेल तरच चोरीचा दावा मान्य, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते.

वायरिंगच्या माणसाचा स्वतंत्र विमा आहे काय ते विचारावे, आणि नसेल तर मुख्य ठेकेदाराच्या पॉलिसीत उपठेकेदार समाविष्ट असल्याचे लेखी घ्यावे. मजुरांच्या अपघाताचा विमाही याच वेळी तपासावा, कारण अनेक देशांच्या कायद्यात ठेकेदाराने तो काढलेला नसेल तर भरपाईची जबाबदारी काम देणाऱ्यापर्यंत पोहोचू शकते. वायरिंग पूर्ण झाल्यावर चाचणीचे प्रमाणपत्र जरूर घ्यावे; पुढे कधी शॉर्टसर्किट झाले तर तो कागद फार कामाचा असतो.

भिंतीविषयी एक सूचना. ती भार वाहणारी आहे की नाही हे ठेकेदाराच्या अंदाजावर न सोडता संरचना अभियंत्याकडून लेखी घ्यावे आणि आवश्यक ती परवानगी काढावी. आधार काढल्यामुळे झालेले नुकसान, भेगा आणि खचणे यांना इमारतीच्या पॉलिसीत बहुधा संरक्षण नसते, आणि परवानगीशिवाय केलेल्या संरचनात्मक कामात कंपनीला नकाराचे आयतेच कारण मिळते. लगतच्या घराशी आपली भिंत सामाईक असेल तर काम सुरू होण्याआधी त्या घरातील भेगांचीही, त्यांच्या संमतीने, तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत.

साक्षेपी

भाडेकरूंबाबत. त्यांचे कपडे, फर्निचर, उपकरणे ही आपल्या इमारतीच्या विम्यात येत नाहीत. त्यांचा सामानाचा विमा त्यांनी स्वतः काढायचा असतो. काम सुरू होण्यापूर्वी त्यांना लेखी पत्र देऊन कामाचे स्वरूप, काळ आणि सामानाच्या विम्याची सूचना कळवावी. परंतु एवढ्याने आपण मोकळे होत नाही. वरून पाणी झिरपून त्यांच्या वस्तू भिजल्या आणि पाइप उघडा ठेवण्यात निष्काळजीपणा झाला होता असे ठरले, तर ते ठेकेदाराकडे आणि आपल्याकडे, दोघांकडेही भरपाई मागू शकतात. सामाईक जिना व प्रवेशमार्ग आपल्या ताब्यात असल्यामुळे तेथे पडलेल्या राडारोड्यावरून कोणी घसरले तर पहिला प्रश्न मालकालाच विचारला जाईल. म्हणून दायित्वाच्या कलमात ‘बांधकाम चालू असताना’ असा अपवाद नाही ना, हे कंपनीकडून खात्री करून घ्यावे, आणि दायित्वाची मर्यादा तात्पुरती वाढवता येत असेल तर वाढवावी. कामासाठी धुराची सूचना देणारी यंत्रणा बंद करावी लागणार असेल तर तेही कळवावे; खाली माणसे झोपलेली असताना ती रात्रभर बंद राहता कामा नये, मग पॉलिसीत काहीही लिहिलेले असो.

गच्चीचा जुना थर काढल्यानंतर पाऊस आला तर त्या पाण्याचे नुकसान बहुधा वगळलेले असते, कारण कामासाठी मुद्दाम उघडलेल्या भागातून आत आलेले पाणी कंपनी वादळाचे नुकसान मानत नाही. त्यामुळे दररोज काम थांबताना ताडपत्री बांधण्याची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहावे. खालच्या मजल्याची छतेही यामुळे वाचतील.

उंबरठा

एक शंका मलाही आहे. माझी कामे ठरलेल्या वेळेत कधीच संपत नाहीत, आणि इतरांचीही संपत असतील असे वाटत नाही. तीन महिन्यांची पुरवणी घेतली आणि काम पाच महिने चालले तर?

साक्षेपी

मुदत संपण्यापूर्वी कळवले तर वाढ सहसा मिळते, थोडा वाढीव हप्ता लागतो इतकेच. मुदत संपल्यानंतर कळवले तर मधल्या दिवसांचे संरक्षण मागे जाऊन मिळत नाही. म्हणून सुरुवातीलाच ठेकेदाराच्या अंदाजापेक्षा जास्त मुदत मागावी.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. मालकाने ताबा घेतला किंवा तो भाग वापरात आला की कामाची पॉलिसी त्या भागापुरती संपते. गच्चीचे काम बाकी असतानाच भाड्याच्या ओढीने वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू आणला, तर कामाचे संरक्षण त्या मजल्यापुरते संपलेले असेल आणि इमारतीच्या पॉलिसीची पुरवणी मात्र ‘जागा रिकामी, काम चालू’ या गृहीतकावर दिलेली असेल. भाडेकरू येण्याची तारीख ठरली की दोन्ही कंपन्यांना त्याच दिवशी कळवावे. घरावर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेलाही काम सुरू होण्यापूर्वी कळवणे कर्जाच्या अटींप्रमाणे बहुधा बंधनकारक असते.

ओळंबा

काम संपल्यानंतरचा भाग मी पूर्ण करतो. नव्या वायरिंगमुळे, फरशीमुळे आणि पक्क्या बसवलेल्या कपाटांमुळे इमारत पुन्हा उभारण्याचा खर्च वाढतो आणि जुनी विमा रक्कम अपुरी पडते. येथे बाजारभाव पाहू नये, कारण त्यात जमिनीची किंमत असते आणि जमीन जळत नाही. पाहायचा तो पुनर्बांधणीचा खर्च, आणि राडारोडा उचलणे व वास्तुविशारदाचे शुल्क धरूनच. अपुऱ्या रकमेचा फटका केवळ मोठ्या नुकसानीतच बसतो अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. पुनर्बांधणीचा खर्च 100 असताना विमा 60 चाच असेल, तर सरासरीचे कलम (विमा जितका अपुरा, त्याच प्रमाणात भरपाई कमी करणारे कलम) असलेल्या पॉलिसीत 20 च्या नुकसानीला 12 च मिळतात, जरी 20 ही रक्कम 60 च्या आत असली तरी. म्हणून अंतिम बिले हाती आली की पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या तारखेची वाट न पाहता विमा रक्कम वाढवून घ्यावी.

बिले, काम सुरू होण्यापूर्वीची आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे, अभियंत्याचा अहवाल, वायरिंगच्या चाचणीचे प्रमाणपत्र आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार घराबाहेर कोठेतरी सुरक्षित ठेवावा. विशेषतः भिंतीत गाडले जाणारे पाइप व तारा यांची छायाचित्रे प्लास्टर होण्यापूर्वी काढावीत, कारण पुढे गळतीचा दावा आला की आम्हाला भिंत फोडूनच पाहावे लागते, आणि फोडण्याचा खर्च सर्वच पॉलिसी देत नाहीत.

पाऊलवाट

आज विमा कंपनीला पत्र पाठवले. त्यात कामाची यादी, अपेक्षित काळ पाच महिने, खालचा मजला वापरात राहणार असल्याची नोंद, गच्चीवर ज्योतीचा वापर होणार असल्याचा उल्लेख आणि अपेक्षित भाडे धरण्याची विनंती एवढे लिहिले आहे. ठेकेदाराकडे मूळ पॉलिसीची प्रत मागितली आहे आणि संयुक्त नावाच्या पॉलिसीसाठी दोन ठिकाणी दर विचारले आहेत. अभियंत्याचा अहवाल आणि कंपनीचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही, असे ठेकेदाराला सांगितले आहे. त्याला ते फारसे रुचलेले दिसत नाही.